देवळाची भिंत आणि कोळशाचा तुकडा

(खारेपाटण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)

खारेपाटणात मातीबद्दल बोलायचं तर सुरुवात तांब्यापासून करावी लागते. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ साली दक्षिण कोकणातल्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाने एक दानपत्र कोरवून घेतलं. ते या गावात सापडलं आणि 'खारेपाटणचा ताम्रपट' या नावाने इतिहासाच्या अभ्यासात कायमचं जाऊन बसलं. तो ताम्रपट वाचून छापणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर होते, इथून जवळच्या पोंभुर्ल्याचे. त्यात राजाची वंशावळ आहे, देवळाला दिलेली गावं आहेत, परमुलखातून येणाऱ्या गलबतांवर बसवलेला सोन्याचा कर आहे. आणि देवळाच्या सेवेला लावून दिलेली काही घरंही आहेत. तेल्याचं, माळ्याचं, परटाचं, कुंभाराचं.

राजा नावानिशी येतो. कुंभार येतो तो घर म्हणून. त्याच्या चाकाशेजारी बसलेलं त्याचं पोर, त्या पोराने उरल्यासुरल्या चिखलाचा केलेला बैल, तो बैल उन्हात तडकल्यावर त्याने काढलेलं भोकाड, यातलं काही तांब्यावर कोरलं जाण्याचं कारण नव्हतं. आजचं व्याख्यान त्या पोराबद्दल आहे. असं पोर कलावंत कसं होतं, आणि ते तसं होण्यासाठी त्याच्या आजूबाजूला काय असावं लागतं, याबद्दल.

गरिबीतून वर आलेल्या कलावंताची गोष्ट आपल्याकडे एका ठरलेल्या चालीवर सांगितली जाते. घरात दारिद्र्य, हातात कोळसा, समोर भिंत, अवचित एक साहेब येतो, चित्र पाहून थक्क होतो, आणि मुलाचं नशीब उघडतं. ही गोष्ट खोटी नाही. महाराष्ट्रात ती अगदी अशीच घडलेली आहे. पण तिच्यात साहेब इतका मोठा होऊन बसतो की बाकीचं काही दिसेनासं होतं. म्हणून ती एकदा सावकाश पाहिली पाहिजे.

अलिबागजवळ समुद्रकाठी सासवणे नावाचं गाव आहे. तिथे २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घर शेतकऱ्याचं. वडील शेती करत आणि गणपतीच्या मूर्तीही घडवत. चरित्राच्या टिपणांमध्ये हे वाक्य चटकन येऊन जातं. खारेपाटणात बसून मात्र त्या वाक्यापुढे थांबावंसं वाटतं, कारण इथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक आहे.

तळकोकणात मूर्तिकाराच्या कारखान्याला 'गणपतीची शाळा' म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. नागपंचमीच्या सुमारास घराघरांतून पाट येऊन पडतात. बाहेर पावसाने शुक नदी फुगलेली असते, बाजारात पाणी शिरेल की काय याची काळजी चाललेली असते, आणि शाळेत मात्र कंदिलाच्या, पुढे विजेच्या दिव्याखाली एकेक गणपती आकार घेत असतो. पोरं तिथे आपसूक जमतात. त्यांना कोणी शिकवत नाही, पण कामाच्या इयत्ता ठरलेल्या असतात. आधी माती मळायची आणि तिच्यातले खडे वेचायचे. मग ओल्या हाताने मूर्तीचा खडबडीतपणा काढायचा. रंगाला हात लावायला मिळाला तर आधी पाट, नंतर उंदीर. उंदीर चांगला रंगवला की पीतांबराची पाळी. हाराचे मणी, मुकुटाची सोनेरी कड यांना आणखी दोन-तीन पावसाळे जातात. आणि आखणी, म्हणजे डोळ्यांची रेघ, ती घरच्या जाणत्या माणसाचीच. त्या वेळी शाळेत बोलणंसुद्धा खालच्या आवाजात चालतं.

अशा घरात वाढलेल्या मुलाला शिल्पशाळेत जाण्याआधीच बऱ्याच गोष्टी कळलेल्या असतात. माती सुकताना आकसते. जाड भाग उशिरा सुकतो, पातळ भाग आधी, आणि दोन्हींच्या सांध्यावर तडा जातो. सोंड पुढे काढायची तर आत आधार हवा. मूर्ती समोरून कितीही देखणी असली तरी तिचा तोल पाठीमागे ठरतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही, ती बोटांच्या पेरांत साठते. करमरकरांच्या हातात जो कोळसा आला, तो अशा तयार हातात आला. गोष्टीतलं दारिद्र्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. वडिलांच्या ओसरीवरची माती कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि हे बरोबर नाही.

आता भिंत. विनायकाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कागदावर चित्र काढणारं मूल मनगटाने काढतं. भिंतीवर काढायचं तर खांद्यातून हात फिरवावा लागतो, मागे सरून पाहावं लागतं, पुन्हा पुढे जावं लागतं. खोडरबर नसतो. चुकलेली रेघ पुढच्या रेघेत सामावून घ्यावी लागते, नाहीतर चूक गावभर दिसते. म्हाताऱ्या माणसाने काठी टेकत येऊन "अरे, घोड्याचा पाय असा वाकतो होय?" असं विचारण्याची सोय फक्त देवळाच्या भिंतीवर असते. घरातल्या पाटीवर ती नसते.

त्या भिंतीसमोर कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड येऊन थांबले. त्यांनी चित्र पाहिलं, काढणारा कोण म्हणून विचारलं, आणि त्या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था केली. हा माणूस कोणी साधा फिरतीवरचा अंमलदार नव्हता. पुढे १९२० साली 'विमेन ऑफ इंडिया' हे त्याचं पुस्तक निघालं, त्यातली चित्रं जे. जे.तच शिकलेले आणि तिथेच शिकवू लागलेले चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांची आहेत. म्हणजे सासवण्याच्या देवळासमोर जो थांबला त्याला चित्राची नजर होती. त्याच्या जागी केवळ सारा वसूल करणारा साहेब असता, तर पुजाऱ्याला भिंत स्वच्छ ठेवण्याची ताकीद देऊन तो निघून गेला असता.

नजर एकटी पुरत नाही, हेही त्याच वेळी सांगायला हवं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. उभं राहिलेलं होतं, म्हणून रॉथफेल्ड यांना त्या मुलाला कुठे धाडायचं हे सुचलं. कदरदान, संस्था आणि मुलगा एकाच काळात जिवंत असावे लागतात. यातलं एक जरी पुढेमागे झालं तर चित्र भिंतीवरच राहतं, आणि पुढच्या चुनेकाढीला पुसलं जातं.

जे. जे.त करमरकरांनी मेयो पदक मिळवलं. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांनी त्यांचं काम पाहून त्यांना बंगालात बोलावलं, आणि १९१६च्या सुमारास हा कोकणातला तरुण कलकत्त्यात काम करू लागला. १९२० साली तो इंग्लंडला रॉयल अकॅडमीत शिकायला गेला, १९२३मध्ये परतला. मग आली ती मोठी कामगिरी. पुण्याच्या शिवाजी प्रीपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा, १९२८ साली उभा राहिलेला. त्याचं ब्राँझचं ओतकाम माझगाव गोदीत झालं. सासवण्याच्या भिंतीवर कोळशाने काढलेले महाराज धातूत उतरायला मधे वीसएक वर्षांचं शिक्षण आणि शेकडो बिनचेहऱ्याचे अभ्यास लागले.

सिंधुदुर्गातल्या माणसाला या ठिकाणी मालवणचा राजकोट किल्ला आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्या दिवशी या जिल्ह्यात ज्याच्या घशाखाली घास उतरला असेल असा माणूस विरळा. आज तिथे उभा असलेला पुतळा शिल्पकार राम सुतार यांच्या कार्यशाळेतून आला आहे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मलेला, आडनावाप्रमाणे खरोखर सुताराचा मुलगा. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्याचा हात ओळखून त्याला जे. जे.ला धाडलं, तिथे त्यालाही मेयो पदक मिळालं, आणि पुढे वेरूळ-अजिंठ्याला पुरातत्त्व खात्यात राहून त्याने जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं. नर्मदाकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा ही त्याची सगळ्यांना माहीत असलेली ओळख. पण त्याच्या बालपणाकडे पाहिलं तर पुन्हा तेच दिसतं. घरात रंधा चालत होता, लाकडाचा पोत हाताला कळत होता, आणि पाहणारं कोणीतरी भेटलं.

करमरकरांच्या आयुष्यातला आणखी एक भाग फारसा सांगितला जात नाही, आणि तो फार मोलाचा आहे. लंडन-कलकत्ता करून आलेला हा शिल्पकार सासवण्याला परत आला तेव्हा त्याने हाताशी असलेलं साहित्य घेतलं, आणि ते होतं सिमेंट. ब्राँझला पैसा लागतो, संगमरवराला वाहतूक. सिमेंट गवंड्याकडे असतं. त्यातून त्याने आजूबाजूची माणसं आणि जनावरं घडवली. सासवण्यातलं त्याचं घर आज शिल्पसंग्रहालय आहे. तिथली 'मत्स्यगंधा' ही कोळणीची मूर्ती पाहताना तिच्या बसण्यातला निवांतपणा मुंबईच्या स्टुडिओत सापडला नसता हे लगेच जाणवतं. आणि तिथली म्हैस! दुपारी रवंथ करत बसलेली, कोकणातल्या कुठल्याही पाणंदीत भेटेल अशी. वडिलांनी शाडूत जे केलं ते मुलाने सिमेंटमध्ये केलं. बालपणातलं साधं साहित्य ही जिन्यातली खालची पायरी, वर गेल्यावर ती मागे टाकायची, असं त्याने मानलं नाही.

कोकणाच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळ, दुसरी एक कहाणी घडली. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४चा. सातव्या वर्षी आई गेली आणि मुलाचं बोलणं थांबलं. सांगायचं ते तो धुळीत बोटाने चित्र काढून सांगू लागला. धूळ! तिच्याहून स्वस्त साहित्य जगात नाही, आणि तिच्याहून क्षणभंगुरही. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची रीत आहे. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की कुंचला तयार. सारवलेली, गेरूची भिंत हा कागद. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या ऐवजावर माणसं नाचतात, शेतं डोलतात, तारप्याभोवती फेर वळतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले. हेच कुलकर्णी त्याआधी दुष्काळाच्या काळात बिहारमधल्या मधुबनीच्या बायकांपर्यंत कागद घेऊन गेले होते. त्यांनी म्हसे यांचा हात ओळखला. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिशियन्स द ला तेर' प्रदर्शनात सहभाग, २०११मध्ये पद्मश्री. मे २०१८मध्ये म्हसे गेले. त्यांच्या चित्रांतली मासेमारीची जाळी पाहावीत. हजारो बारीक रेघा, आणि एकही रेघ मेलेली नाही.

पण या कहाणीच्या आत दुसरी एक आहे. चौक लिहिण्याचा मान वारल्यांमध्ये सवाष्णींचा. म्हणजे म्हसे यांच्या आधी कित्येक पिढ्या हे चित्र बायकांच्या हातात होतं, घराच्या आत, अंधाऱ्या भिंतीवर. लग्न झालं, धुराने चित्र काळवंडलं, पुढच्या सारवणात गेलं. त्यांची नावं आपल्यापाशी नाहीत. सासवण्याची भिंत देवळाची होती, रस्त्यावरची होती, म्हणून कलेक्टरला ती दिसली. स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे कलेक्टर येत नाही. इथल्या अंगणांतही शेणाच्या सारवणावर रोज सकाळी रांगोळी उमटते, तुळशीवृंदावनावर चुन्याची आणि कावेची नक्षी येते, आणि दुपारपर्यंत कोंबड्या त्यावरून फिरून जातात. ज्या मुलीने ती रांगोळी न मोजता, ठिपके न देता, एका दमात काढली, तिच्या हातात नेमकं काय आहे हे तिच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. 'हिचा हात बरा आहे' इतकंच म्हटलं जातं, आणि लग्नाच्या बोलणीत त्याचा एकदा उल्लेख होतो. ही हळहळ नुसती भूतकाळाबद्दलची नाही. आजही या तालुक्यात तसंच चाललेलं आहे.

सिंधुदुर्गात याच्या अगदी उलट उदाहरणही आहे, आणि ते खारेपाटणहून महामार्गाने दोनेक तासांत गाठता येतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजात मूल जन्माला येतं तेच चित्रांच्या घरात. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या हा त्यांचा वारसा, सावंतवाडीच्या संस्थानाने आश्रय दिलेला. देवळात रात्री कथा लागायची. चित्र समोर उभं करायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग गायचा, मग पुढचं चित्र. मुलगा बापाच्या मागे बसून पेंगत पेंगत ऐकायचा, आणि एका रात्री बापाचा आवाज बसला की त्याला पुढे बसवलं जायचं. शिक्षण म्हणून इतकंच.

इथे कला भरपूर होती, भाकरी नव्हती. देवळातल्या रात्री सिनेमाने आणि मग दूरदर्शनने घेतल्या. जुन्या पोथ्या विकल्या गेल्या, काही संग्रहालयांत पोचल्या, काही वाळवीत गेल्या. अशा काळात परशुराम विश्राम गंगावणे यांनी बाहुल्या आणि चित्रं सोडली नाहीत. २००६ साली त्यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय मांडलं. गोठा! जिथे गाय बांधायची तिथे पोथी आणि बाहुल्या. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि जिल्ह्यातल्या अनेकांना पिंगुळी कुठे आहे हे तेव्हा नव्याने कळलं. गंगावणे यांच्या बाबतीत कोणी साहेब भिंतीपुढे येऊन थांबलेला नाही. स्वतःच्या परंपरेला स्वतःच ओळखणारा माणूस हाही कदरदानच, आणि त्याला जास्त सोसावं लागतं.

सावंतवाडीच्या गंजिफांचंही पिंगुळीच्या जुन्या पोथ्यांसारखंच झालं असतं. दशावतारी गंजिफा म्हणजे खेळायची १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तळहातात मावणाऱ्या त्या पानावर चितारी लोक कूर्म आणि वराह रंगवत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम जाणणारे म्हातारे पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले, स्वतः शिकले आणि राजवाड्यात इतरांना कामाला बसवलं. राजा कारागिराच्या पायाशी शिकायला बसतो, हे चित्र रट्टराजाच्या ताम्रपटाशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

आता आजचं. परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, ते आधी मोकळेपणाने मान्य करावं. शाळेतला मुलगा एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतो. मुंबई गाठण्याआधी त्याला चिपळूणजवळ सावर्ड्याचं कला महाविद्यालय आहे. रंगाची पेटी बाजारात मिळते, मोबाइलवर हवा तो चित्रकार पाहता येतो. साहित्याची गरिबी बरीच हटली.

दुसऱ्या दोन गरिब्या आल्या. गणपतीच्या शाळेत प्लास्टरचे तयार गणपती ट्रकने येऊन उतरू लागले, तेव्हापासून माती मळणाऱ्या पोराची पहिली इयत्ताच बंद पडू लागली. त्याला थेट स्प्रेगन मिळते. तडा का जातो हे त्याला कधी कळत नाही, कारण तडा जातच नाही. आणि भिंती गेल्या. गावोगावच्या देवळांचे जीर्णोद्धार झाले. भक्तीने झाले, चाकरमान्यांनी मुंबईत पोटाला चिमटा घेऊन पाठवलेल्या पैशांतून झाले, त्याबद्दल वावगा शब्द काढण्याचा कोणाला अधिकार नाही. पण चुन्याच्या भिंतीवर गुळगुळीत लादी बसली, बाकी राहिलं त्यावर ऑइलपेंट चढला. लादीवर कोळसा धरत नाही. शाळेच्या भिंतींवर सुविचार आणि पाढे छापील अक्षरांत आले, त्यात मुलाच्या हाताची एक रेघ नाही. समजा आज खारेपाटणात एखादा विनायक आहे, समजा त्याच्या मनात घोडा आहे. तो काढायचा कुठे?

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने गावापुढे एक मागणं आहे, खर्चाने अगदी लहान. एक भिंत द्यावी. वाचनालयाची मागची, ग्रामपंचायतीच्या कुंपणाची, बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या वखारीची, कुठलीही, फक्त येण्याजाण्याच्या वाटेवरची. तिला सिमेंटचा गिलावा चालेल, पण वर ऑइलपेंट नको, साधा चुना हवा. नदीचं पाणी दर पावसाळ्यात बाजारात येतंच, ते ओसरलं की चवथीच्या आधी त्या भिंतीला चुन्याचा एक हात द्यावा. पायथ्याशी चुलीतल्या कोळशाची पाटी ठेवावी, शेजारी काव आणि गेरू. मुलींना सांजवेळेनंतर तिथे उभं राहता यावं म्हणून वर एक दिवा. कोणी काय काढलं यावर बक्षीस ठेवू नये, विषय देऊ नये, उद्घाटन करू नये.

एवढं झाल्यावर गावातल्या मोठ्या माणसांसाठी एक काम उरतं. संध्याकाळी पेपर आणायला किंवा एसटीतून उतरून घरी जाताना त्या भिंतीपुढे दोन मिनिटं थांबायचं, घोड्याचा पाय चुकला असेल तर तसं सांगायचं, आणि नीट जमला असेल तर विचारायचं, "ह्यां कोणाच्या झिलान काढलां रे? की चेडवान?"